पस्तिसावा तुमचा, छत्तिसावा आईचा

भाऊ,

परवा तुमचा दहावा आहे आणि घरात तुमचा एक धड फोटो नाही. काल वहिनींनी बोलावून हे सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. जव्हार-मोखाड्यात कोणाच्याही घरात जा, भिंतीवर हार घातलेला जो म्हातारा असेल तो तुम्ही काढलेला असतो. निराधारच्या फॉर्मसाठी काढलेला, गेल्यावर मोठा केलेला. मयताच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसं स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसायची, "भाऊ, आमच्या बाचा तुमच्याकडं असंल," म्हणायची, आणि तुम्ही त्या गावाच्या नावाचा डबा काढून निगेटिव्ह उजेडाला धरायचात. सगळ्यांचे बाप तुमच्या डब्यांत आहेत. तुम्ही कुठल्याच डब्यात नाही. काल वहिनींनी आणि मी मिळून सगळे उघडले.

आधार कार्डावरचा आहे, पण तो वहिनींना नको. "त्यात हे कोणाचा तरी बैल सोडून आणल्यासारखे दिसतात," म्हणाल्या. लग्नातल्या फोटोत तुम्हाला मिशी नाही आणि डोक्यावर केस आहेत. बघणारा विचारेल, हा कोण. मोबाइलमध्ये तुमची पाठ आहे, कोपर आहे, कोणाच्या तरी वाढदिवसाला केकमागे अर्धा कान आहे. मग वहिनी म्हणाल्या, "त्यांचा तो जुना कॅमेरा तुझ्याकडं आहे ना? आत रोल आहे म्हणत होते. त्यात काही असेल का?"

आहे. एक आहे. पस्तिसावा. तो काढताना तुम्ही मला म्हणाला होतात, "नको गं काढू." मी काढला.

हे मी वहिनींना काल सांगितलं नाही. कॅमेरा माझ्या पिशवीतच होता, तरी बघते म्हटलं आणि मोखाड्याची एसटी पकडली. गाडीत कॅमेरा मांडीवर होता आणि खिडकीच्या काचेतून पाणी आत येत होतं, तर मी ओढणी त्याच्यावर टाकली. तुम्ही बसमध्ये तसंच करायचात, स्वतः भिजायचात.

आपली ओळखच मुळी फोटोची. अकरावीला जव्हारच्या वसतिगृहात आले तेव्हा शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो हवा होता, शेवटचा दिवस होता. पोशेऱ्याहून जीपच्या टपावर बसून आलेली मी, केसांत, भुवयांत लाल धूळ. तुमच्या स्टुडिओत बाहेरपर्यंत रांग. मी स्टुलावर बसले आणि तुम्ही कॅमेऱ्याला हातच लावेनात. कोपऱ्यातलं बेसिन दाखवलंत, आरसा, कंगवा, सेफ्टी पिनांचा डबा. म्हणालात, "तोंड धुऊन घे. मी थांबतो." मागचे लोक कुरकुरले. एक मास्तर म्हणाले, फॉर्मला काय, कसाही चालतो. तुम्ही त्यांना म्हणालात की फॉर्मला चालतो हो, तिला चालेल का?

मग कळलं की तुम्ही सगळ्यांसाठीच थांबता. म्हातारीचा पदर नीट होईपर्यंत, लेकराचं रडं थांबेपर्यंत. लोक हसायचे, भाऊचा फोटो म्हणजे अर्धा दिवस गेला. मला वाटायचं, हा तुमचा स्वभाव.

मी पदवी घेतली तेव्हा आमच्या पाड्यात त्याआधी कोणी घेतलेली नव्हती, मुलगे धरून. हे मी अजून छाती पुढे काढून सांगते आणि कोणाला ते खटकलं तर खटकू दे. त्या काळ्या गाऊनातला फोटो तुम्ही मला विचारून दुकानाच्या काचेत लावलात आणि त्या दिवसापासून मला नावाने हाक मारणं सोडलंत. काय बीए, जेवलीस का. काय बीए, आज ऑफिसला दांडी? मोखाड्याला कारकून म्हणून लागले तरी रविवारी तुमच्याकडे यायचे. तुम्ही मला फिल्म शिकवत होता. मी म्हणायचे, मोबाइलवर शंभर निघतात, हा छत्तीस फोटोंच्या रोलचा नखरा कशाला? तुम्ही म्हणायचात, शंभर काढशील आणि एकही बघणार नाहीस. हे भांडण तसंच राहिलं. तुमचा एक नियम मात्र मी मुकाट्याने पाळला. रोलमधला शेवटचा फोटो राखून ठेवायचा, कारण परतताना वाटेत कोण भेटेल सांगता येत नाही.

यंदाची थंडी ओसरायच्या सुमारास तुम्हाला पत्र आलं. अर्नाळ्याच्या बेटावर, किल्ल्यात, चित्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. फिल्मवर फोटो काढणाऱ्यांना एक दिवस बोलावलं होतं. आपला कॅमेरा आणा, एकच रोल आणा, दिवसभर बेटावर फिरा. आणि भिंतीवर तुमचे जुने पाच फोटो लागणार होते. कोणी ओळखीचा तुमच्याकडून निगेटिव्ह घेऊन गेला होता. दुपारी चारला पाहुणे येणार, तुम्हाला शाल. ते पत्र तुम्ही कोणाला दाखवलं नाहीत. नुसतं काउंटरच्या काचेखाली ठेवलंत, वाचता येईल असं तोंड करून.

पहाटेच्या एसटीने आपण निघालो. वहिनींनी तांदळाच्या भाकरी आणि सुकटाची चटणी बांधून दिली होती. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात शिरून होडीत चढायचं होतं. मी सलवार वर खोचली आणि कॅमेऱ्याची पिशवी डोक्यावर घेतली. तुम्ही म्हणालात, आज तू काढ. आज मी पाहुणा आहे. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर दोनदा चाचपलीत.

दुपारपर्यंतचे तेहतीस फोटो चांगले असतील, भाऊ. दरवाजावर कोरलेले हत्ती आणि वाघ, कोळणींच्या काठ्यांवर वाळणारे बोंबील, तटावर आडवं झोपलेलं कुत्रं. किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी तुम्ही मला ओंजळीने प्यायला लावलंत. गोडं होतं. चहूबाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. मी म्हटलं, आमच्या आजोळी, सूर्यमाळेला, हे सांगितलं तर लोक पोती बांधून इकडे राहायला येतील. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "सूर्यमाळेचा एक फोटो आहे आत. चल, दाखवतो."

सर्वांत मोठा केलेला तोच होता. एक बाई वाट चढून येतेय. डोक्यावर दोन हंडे, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, चोळी खांद्याला फाटलेली, पोट पुढे आलेलं. दिवस भरत आलेली बाई. डोळे थेट कॅमेऱ्यात. खाली लिहिलं होतं, "पाण्याची वाट, सूर्यमाळ".

माझी आई होती ती. उजव्या कोपराजवळचं गोंदण, त्यातली एक रेघ सुटलेली. ते मी लहानपणापासून बोटाने गिरवलंय.

आणि मला ती गोष्टही माहीत होती. आमच्या घरी कोणी मोबाइल काढून आईपुढे धरला की ती हमखास सांगते आणि सगळ्यांना हसवते. बाळंतपणाला माहेरी सूर्यमाळेला आली होती. उन्हाळा. ओढ्यात खणलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरून वर येत होती, तर वाटेवर जीप उभी, पेपरवाले आलेले, पाण्याच्या टंचाईचं लिहायला. त्यातल्या एकाकडे कॅमेरा. ती त्याला म्हणाली, थांबा जरा, लुगडं बदलून येते. घरात गेली, हंडे उतरवले, ठेवणीतलं लुगडं नेसली, केसांना तेल लावलं, आणि बाहेर आली तर जीप खाली उताराला लागलेली. "मंग मी तशीच उभी राहिले," आई सांगते, "धुळीला फोटो दिला." सगळे हसतात. मीही हसायचे. तिने हंडे उतरवायच्या आधीच त्याने खटका दाबला होता, हे तिलाही माहीत नव्हतं.

तो कॅमेरावाला तुम्ही होता.

मी विचारलं, "या बाईचं नाव काय?" तुम्ही म्हणालात, विचारलं नाही. मी म्हटलं, मी सांगते, आणि तिचं पूर्ण नाव सांगितलं, माझ्या बापाच्या नावासकट. तुमचा चेहरा पांढरा पडला. शेजारी गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एक ताई उभ्या होत्या. त्या हळहळून म्हणाल्या, किती सोसलंय हो या बाईने. मी त्यांना म्हटलं, ती माझी आई आहे आणि आज पहाटे तिने मला फोनवर शिव्या घातल्यात, डबा विसरू नको म्हणून. त्या ताई दुसऱ्या चित्राकडे गेल्या.

तुम्ही म्हणालात, "बीए, हळू बोल."

"हळू बोलले असते तर बीए झाले नसते."

मग जे झालं ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. मीही नाही. मी म्हटलं, फोटो उतरवा. तुम्ही म्हणालात, खाली तिचं नाव लिहून घेतो, आत्ता, मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, नाव लिहिलं म्हणजे तिने हो म्हटलं का? ती थांबा म्हणाली होती. तुम्ही म्हणालात, पाहुणे यायला अर्धा तास आहे, आत्ता भिंत रिकामी केली तर लोक काय म्हणतील, आपण नंतर बोलू. मी म्हटलं, तिने पण नंतरच सांगितलं होतं.

तेव्हा तुम्ही ते म्हणालात. अगदी हळू. "त्या दिवसापासून मी थांबतो गं. प्रत्येकासाठी."

भाऊ, मला तेव्हाच कळलं होतं. बेसिन, कंगवा, पिनांचा डबा, माझ्या तोंडावरची धूळ, सगळं एका क्षणात कळलं. आणि कळूनही मी म्हटलं, "माझ्या आईला त्याचा काय उपयोग?"

तुम्ही तिच्या फोटोखाली उभे राहिलात, हात लोंबकळत. इस्त्रीची कॉलर एका बाजूने वळलेली. मी कॅमेरा उचलला. चौतिसावा रागाने हलला, मला तेव्हाच समजलं. मी रोल पुढे ओढला. तुम्ही तळवा अर्धा वर केलात. "नको गं काढू." मी दाबला. आणि वर म्हटलं, "का? थांबायचं होतं?"

मी आयुष्यात बरंच टोचून बोललेय, ऑफिसात मला त्यासाठी ओळखतात. पण हे एक वाक्य मला परत घ्यायचं होतं आणि ते मी सहा महिने घेतलं नाही.

तुम्ही वळलात, फ्रेम खिळ्यावरून काढलीत. व्यवस्थेतला एक माणूस धावत आला, म्हणाला काका हे काय, होडी लागली, पाहुणे उतरतायत. तुम्ही म्हणालात, "हा माझ्याकडं कोणीतरी ठेवायला दिलेला आहे. परत न्यायचाय." ती शाल घ्यायला तुम्ही थांबला नाहीत. पाहुणे होडीतून उतरत होते आणि त्याच होडीत आपण चढत होतो. फ्रेम तुमच्या छातीशी, काच आतल्या बाजूला. पाण्याचे शिंतोडे यायला लागले तेव्हा तुम्ही पाण्याकडे पाठ केलीत. मनोरला गाडी थांबली तर दोन वडापाव आणलेत, एक माझ्या हातात ठेवलात. जव्हार आलं. रोलमध्ये एक शिल्लक आहे हेसुद्धा मी सांगितलं नाही. कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि निघाले.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. माझी बरोबर बाजू होती, अजूनही आहे. पण आपली बाजू बरोबर आहे म्हणून गप्प बसलेला माणूस किती सुकतो ते मी त्या महिन्यांत बघितलं.

मग तुम्हीच आलात. आषाढात, पोशेऱ्याला, आमच्या दारात, छत्रीखाली फ्रेम आणि कॅमेरा घेऊन. स्वतः भिजलेले. आई आवणीला, भात लावायला निघाली होती, हातात भाताच्या रोपांच्या मुठी, पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले. तुम्ही सांगितलंत की सूर्यमाळेच्या वाटेवर जीप होती, त्यातला कॅमेरावाला मी. मला वाटलं आई आता काढेल वाभाडे. माझी आईच ती. ती तुमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही होय. लय घाई होती तुमाला."

तुम्ही म्हणालात, "हो. चूक झाली."

तिने फ्रेम उघडली नाही. ठेवा तिकडं म्हणाली, तुम्ही ती कणगीच्या मागे टेकवलीत, अजून तिथेच आहे. मग तुम्ही कॅमेरा दाखवलात. म्हणालात, यात एक शिल्लक आहे, तुम्ही सांगाल तसा काढतो. आईने आपले पाय बघितले. "असा कायला? आवणी होऊ द्या. मंग या. लुगडं नेसून बसते."

"थांबतो," तुम्ही म्हणालात.

जाताना कॅमेरा माझ्याकडे दिलात. मी म्हटलं, तुम्हाला लागेल. तुम्ही म्हणालात, तुझ्याकडं असला की मला परत यावं लागेल. उताराला लागेपर्यंत मी तुमच्याबरोबर चालले. तेव्हा म्हणायचं होतं. दोनच शब्द होते. मी म्हटलं, रस्ता निसरडा आहे.

आवणी झाली. तुमचा फोन आला, बीए, या रविवारी येऊ का? मला ऑफिसचं काम होतं, खरंच होतं, पण एवढंही नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी या. तुम्ही म्हणालात, बरं, थांबतो.

गुरुवारी वहिनींचा फोन आला.

म्हणून काल मोखाड्याहून मी ऑफिसवर न जाता सरळ पोशेऱ्याला घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. बेट, भिंत, "नको गं काढू", माझं ते वाक्य, पुढचा रविवार. आई तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "सकाळी मी येते जव्हारला." आणि पत्र्याची पेटी ओढली.

आज सकाळी आम्ही दोघी तुमच्या स्टुडिओत आलो. वहिनींनी अर्धं शटर वर केलं. मी त्यांच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि म्हटलं, यात भाऊंचा एक आहे, पण त्यांनी नको म्हटलेलं असताना मी काढलाय. चेहरा पडलेला असेल. तुम्ही सांगा, धुवायचा की फेकायचा.

वहिनींनी कॅमेरा जवळ ओढला. त्यांना तुम्ही बेटावरचं काही सांगितलं नव्हतंत. घरी येऊन एवढंच म्हणाला होतात म्हणे की बीएने मला आज शिकवलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चेहरा पडलेला तर पडलेला. माझ्यापुढं काय रोज हसत होते? धू तू. पण घरात लागेल. चौकातल्या बॅनरवर नाही. बॅनरवाले सकाळपासून दोनदा येऊन गेलेत, त्यांना मी आधार कार्डावरचा देते. नको म्हटलं होतं ना त्यांनी, तर एवढं तरी ऐकू."

मी आईकडे बघितलं. त्या फोटोत तुमच्यामागे तीही आहे, फाटक्या चोळीतली. मी विचारलं, तुझं काय? म्हणशील तर ती बाजू कापते. आई म्हणाली, "कापू नको. मागं दोघांची नावं लिही, पुरी." मग म्हणाली, "पण आदी रोल संपव. एक हाय ना राहिलेला? तो माझा हाय. त्यांनी ठेवलेला."

फोटो मी आज धुते, भाऊ. तुम्हाला विचारता येत नाही आणि विचारल्याशिवाय करते आहे, हे मला माहीत आहे. तेव्हा जे म्हणायचं राहिलं ते इथे म्हणते. मी चुकले.

आई तुमच्या स्टुलावर बसली, तुमच्या त्या निळ्या पडद्यापुढे. पेटीतलं हिरवं लुगडं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तिच्या डोळ्यांवर नेम धरला, खटक्यावर बोट ठेवलं. उजेड बरोबर होता. बाहेर ढग सरकत होते, तो जाणार होता.

"थांब," आई म्हणाली. ती उठली, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, तुमच्या आरशात बघून तुमच्या कंगव्याने भांग पाडला, डब्यातली एक पिन घेऊन पदराला लावली. ती मोडली, दुसरी घेतली. उजेड गेला. वहिनींनी दिवा लावला.

मी थांबले.